नेपती : उन्हाळ्यात वन्यजीवांना आधार देणारे कोरडवाहू रानाचे फुलझुडूप

बांधावर, पडीक जमिनीवर किंवा गावाच्या गायरानात लागवड करावयाची म्हटले की, डोळ्यांसमोर वृक्षच येतात. झुडपांचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पक्षी, फुलपाखरे, मधमाशा, सरडे, मुंगूस अशा लहान जीवांचा निवारा आणि आहार मोठ्या प्रमाणावर झुडपांवरच अवलंबून असतो. त्यातही फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा काळ त्यांच्यासाठी सर्वांत कठीण. रब्बीची पिके निघालेली असतात, गवत वाळलेले असते आणि पाणवठे आटलेले असतात. नेमक्या याच दिवसांत फुले व फळे देणारे, पाण्याची फारशी अपेक्षा न करणारे देशी झुडूप म्हणजे नेपती. काही भागांत त्यास नेवती असेही म्हणतात. संस्कृतात हे करीर, राजस्थानात केर, तर व्रजभूमीत करील या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिडुआ. या झुडपाचे महत्त्व, लागवडीची रीत आणि लागवड कोठे टाळावी, याचा विचार या लेखात केला आहे.

मुनिरकालगतच्या कड्यावरील अनुभव

अरवली पर्वतरांगेचे उत्तरेकडील शेवटचे टोक दिल्ली शहरात शिरते. या खडकाळ उंचवट्यास तेथे ‘रिज’ म्हणतात. दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे या उंचवट्याच्या कडेस वसलेले जुने शेतकरी खेडे. शहराच्या विस्तारात त्याच्या परिसरातील जमिनी संपादित झाल्या आणि आज त्याच्या एका अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर, तर दुसऱ्या अंगास दाट वस्ती आहे. मात्र विद्यापीठाच्या आवारातील खडकाळ रानात नीलगाय, कोल्हा, मोर व तितर आजही आढळतात.

या भागात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मि.मी. पाऊस पडतो. त्यातील बहुतांश जुलै ते सप्टेंबर या काळात येतो. उरलेले महिने कोरडे जातात आणि मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. गारगोटीच्या जातीच्या कठीण खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस याहून कमी असला, तरी उथळ जमीन, दीर्घ उन्हाळा आणि मोकाट चराई ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच आहेत.

आणखी एक साम्य अधिक महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नवी दिल्लीची उभारणी होत असताना रिज लवकर हिरवी व्हावी, म्हणून तेथे विलायती कीकर लावण्यात आली. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून परिचित असलेली हीच वनस्पती. मूळ अमेरिका खंडातील हे झाड झपाट्याने वाढते, गुरांच्या शेणातून त्याचे बी पसरते आणि त्याच्या दाटीखाली इतर रोपांना वाव मिळत नाही. काही दशकांत रिजचा फार मोठा भाग त्याने व्यापला. हिरवेपणा आला, परंतु तेथील मूळ झुडपांचा थर विरळ झाला. मधमाशांना या झाडाच्या फुलांचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण विविध फळे, विविध पाने आणि विविध ऋतूंतील फुले यांची जागा एकच झाड घेऊ शकत नाही.

यावर उपाय म्हणून दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठातील अवनत परिसंस्था व्यवस्थापन केंद्राच्या साहाय्याने, प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली, मुनिरकाजवळ वसंत विहार येथे अरवली जैवविविधता उद्यान विकसित केले. सुमारे ६९० एकरांच्या या क्षेत्राचा बराच भाग पूर्वीच्या खाणींमुळे खचलेला होता. तेथे विलायती कीकर एकाच वेळी उपटून जमीन उघडी पाडण्यात आली नाही. तिच्या फांद्या छाटून खाली प्रकाश पोहोचू दिला, देशी वृक्ष, झुडपे, वेली व गवते यांचे समूह लावले आणि ती वाढतील तसतशी परकी झाडांची दाटी कमी केली.

याच नावाचे दुसरे उद्यान शेजारच्या गुरुग्राममध्ये आहे. तेही खाणीच्या जमिनीवर देशी वनस्पती लावून उभे राहिले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अभयारण्याबाहेरील प्रभावी संवर्धन क्षेत्र म्हणून देशात प्रथम घोषित झाले. वन्यजीवांचे रक्षण केवळ अभयारण्याच्या हद्दीतच होते असे नाही, हा या दोन्ही ठिकाणांचा धडा शेताच्या बांधालाही लागू पडतो.

वनस्पतीची ओळख

नेपती हे साधारण २ ते ४ मीटर उंचीचे, अनेक फांद्यांचे, गुंतागुंतीचे काटेरी झुडूप आहे. फांद्या हिरव्या, बारीक व गुळगुळीत असतात. पाने केवळ कोवळ्या फुटीवर, तीही अरुंद व लहान, आणि लवकरच गळून जाणारी. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ झुडूप पर्णहीन दिसते. प्रत्येक पेराशी लहान, तीक्ष्ण काट्यांची जोडी असते.

फुले विटकरी लाल ते शेंदरी, क्वचित पिवळी असतात व त्यांतून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. मुख्य बहर फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल या काळात येतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात अनेकदा दुसरा, लहान बहर येतो. कच्ची फळे हिरवी, गोल, बोराएवढी किंवा त्याहून लहान असतात. पिकल्यावर ती गुलाबी-लाल होतात. मगजात अनेक बिया असतात.

पर्णहीन हिरव्या फांद्यांमुळे काही वेळा नेपती आणि कुंपणाचा शेर यांत गल्लत होते. शेराची फांदी मोडल्यास पांढरा चीक येतो आणि त्यास काटे नसतात. नेपतीला चीक नसतो व काटे असतात. आषाढी एकादशीनंतर द्वादशीला ज्या वाघाट्याची भाजी करतात, ती वाघाटी नेपतीच्याच कुळातील व प्रजातीतील काटेरी वेल आहे.

अवर्षण सोसण्याची रीत

पानांतून होणारे बाष्पीभवन टाळण्यासाठी या झुडपाने पानांचाच त्याग केला आहे. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्या करतात आणि त्यांच्यावरील मेणचट थर ओलावा राखतो. सोटमूळ खोल जाते, तर आडव्या मुळांपासून नवे फुटवे येऊन झुडपाची जाळी तयार होते. तोड झाली, वणवा गेला किंवा फांद्या खाल्ल्या गेल्या, तरी जमिनीखालील भाग जिवंत असल्यास नेपती पुन्हा फुटते. मुरमाड, वाळूमिश्रित आणि काहीशा क्षारयुक्त जमिनीतही ती टिकते. तिला न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशी साचून राहणारे पाणी.

या स्वभावाचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. पहिली काही वर्षे रोप आपली शक्ती मुळाकडे लावते. जमिनीवरील वाढ मंद दिसते, म्हणून रोप खुरटले असा निष्कर्ष काढून ते उपटणे किंवा भरमसाट खत-पाणी देणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरतात.

वन्यजीवांना होणारा लाभ

• मकरंद : कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट, करडई आणि सूर्यफूल यांचा फुलोरा संपत आल्यावर मधमाशांना शिवारात फारसे काही उरत नाही. त्या काळात नेपतीचा बहर त्यांना आधार देतो. शिंजीर पक्षीही लाल फुलांकडे आकर्षित होतात. पुढील हंगामात डाळिंब, तूर किंवा वेलवर्गीय पिकांच्या परागीभवनासाठी हेच कीटक शिवारात टिकून राहणे शेतकऱ्याच्या हिताचे असते.

• फळे : पिकलेली फळे उन्हाळ्यात बुलबुल, मैना, कोकीळ यांसारख्या फलाहारी पक्ष्यांना मिळतात. बी दूरवर नेण्याचे कामही तेच करतात.

• फुलपाखरांच्या अळ्यांचे खाद्य : पायोनिअर हे काळ्या शिरांचे पांढरे फुलपाखरू कॅपॅरिस प्रजातीच्या वनस्पतींवर अंडी घालते. कोवळ्या फुटीवर अळ्या दिसल्यास ती कीड समजून फवारणी करू नये. झुडूप अशा खाण्यातून सहज सावरते.

• निवारा : काटेरी जाळीत मांजर, कुत्रा किंवा शिकारी पक्षी सहजासहजी शिरत नाहीत. सातभाई, चिरक, तितर, सरडे आणि मुंगूस यांना तिच्यात आसरा मिळतो. खाटीक पक्ष्यास कीटक व लहान सरडे पकडण्यासाठी टेहळणीची जागा आणि भक्ष्य अडकवून ठेवण्यासाठी काटे दोन्ही मिळतात.

जागेची निवड : कोठे लावावी, कोठे लावू नये

नेपतीसाठी भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा आवश्यक आहे. शेताचा पडीक कोपरा, मुरमाड टेकाड, ओढ्याच्या काठावरील उंच भाग, वापरात नसलेल्या खाणीची कड, गावतळ्याच्या भरावापासून दूरची मोकळी जागा या ठिकाणी ती योग्य ठरते. बांधावर लावताना ती शेजाऱ्याच्या हद्दीत फुटवे सोडील, हे ध्यानात घेऊन आधी सहमती घ्यावी. औत आणि ट्रॅक्टर फिरण्यास पुरेशी जागा सोडावी. तळ्याच्या वा बंधाऱ्याच्या मातीच्या भरावावर कोणतेही खोल मुळांचे झुडूप लावू नये.

दोन ठिकाणी विशेष सावधगिरी हवी. पहिले म्हणजे माळरान. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज, अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी, बारामती तालुक्यातील सुपे येथील माळांवर माळढोक, काळवीट, चिंकारा, लांडगा, धाविक यांसारखे जीव मोकळ्या गवताळ प्रदेशावर जगतात. दूरवर नजर पोहोचणे हीच त्यांची सुरक्षितता. अशा माळांवर झुडपांच्या रांगा लावल्यास संवर्धनाच्या नावाखाली त्यांचा अधिवासच नष्ट होतो. तेथे निसर्गतः असलेल्या विरळ नेपती राखाव्यात. नव्या लागवडीची भर घालू नये.

दुसरे म्हणजे रानडुक्कर किंवा रोही यांचा उपद्रव असलेली गावे. कोणत्याही दाट जाळीत रानडुकरांना दिवसा लपण्यास जागा मिळते. तेथे सलग पट्टा न करता झुडपे सुटी ठेवावीत, पिकापासून अंतर राखावे आणि खालच्या फांद्या काही प्रमाणात विरळ कराव्यात. ‘वन्यजीवांसाठी लागवड’ या शब्दांनीच ज्या शेतकऱ्याच्या मनात पिकाच्या नुकसानीची भीती उभी राहते, त्यास ही बाब प्रारंभीच स्पष्ट करून सांगावी.

बी, रोपे आणि लागवड

रोपवाटिकांत नेपतीची रोपे क्वचितच मिळतात. त्यामुळे गावपातळीवर रोपे तयार करणे हाच व्यवहार्य मार्ग होय. स्थानिक झुडपांचे बी घेतल्याने तेथील हवामानाला सरावलेला वाणही टिकतो.

१. मे-जूनमध्ये पूर्ण पिकलेली, लाल फळे निवडावीत. एकाच झुडपावरून सर्व फळे न घेता अनेक झुडपांवरून थोडी थोडी घ्यावीत.

२. फळे पाण्यात कुस्करून मगज काढावा. बी स्वच्छ धुऊन सावलीत एक-दोन दिवस सुकवावे. हे बी साठवणुकीत लवकर निकामी होते, म्हणून पुढील वर्षासाठी राखून न ठेवता त्याच हंगामात पेरावे.

३. सोटमूळ खोल जात असल्याने किमान २५ ते ३० सें.मी. उंचीच्या पिशव्या घ्याव्यात. माती व वाळू समप्रमाणात घेऊन त्यांत थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. पिशवीच्या तळाशी छिद्रे असावीत.

४. प्रत्येक पिशवीत दोन-तीन बिया सुमारे १ सें.मी. खोल पेराव्यात. माती ओलसर ठेवावी, परंतु चिखल होऊ देऊ नये. उगवणीनंतर एकच सशक्त रोप ठेवावे.

५. पिशव्या वेळोवेळी हलवाव्यात, म्हणजे मूळ खालच्या जमिनीत शिरणार नाही. साधारण एक वर्षाचे रोप पुढील पावसाळ्याच्या आरंभी लावावे.

६. ३० × ३० × ३० सें.मी. आकाराचे खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू द्यावेत. वरच्या थरातील मातीनेच ते भरावेत. एका रांगेत २ ते ३ मीटर अंतर ठेवावे. मोकळ्या जागेत तीन ते पाच झुडपांचे विखुरलेले पुंजके करावेत.

पिशवी काढताना मातीचा गोळा फुटल्यास मूळ दुखावते आणि रोप दगावते. म्हणून जेथे राखण शक्य आहे, तेथे पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच चार-पाच बिया टोकून पेरणे अधिक सोपे पडते. जुन्या झुडपाच्या कडेला आलेले, स्वतःची मुळे असलेले फुटवेही भर पावसात मातीसह काढून लावता येतात. फांद्यांच्या छाट कलमांना मुळे फुटण्याची खात्री नसल्याने त्यांवर विसंबू नये.

वेडी बाभूळ काढून त्या जागी लागवड करावयाची असल्यास दिल्लीतील पद्धत अनुसरावी. आधी फांद्या छाटून प्रकाश मोकळा करावा, देशी रोपे जोमास लागू द्यावीत आणि मग टप्प्याटप्प्याने जुनी झाडे मुळासकट काढावीत. नुसते बुंधे तोडल्यास ती पुन्हा जोमाने फुटतात. जमीन सरकारी किंवा गायरान असल्यास वन विभाग व ग्रामपंचायत यांची परवानगी अगोदर घ्यावी.

पहिल्या तीन वर्षांची निगा

नेपती अवर्षण सोसते, ते मूळ खोल गेल्यानंतर. लहान रोपाला पहिले दोन उन्हाळे हाताने पाणी द्यावेच लागते. दर पंधरा दिवसांनी २ ते ३ लिटर पाणी सायंकाळी, सावकाश मुरेल असे द्यावे. बुंध्याभोवती वाळलेले गवत किंवा दगडांचे आच्छादन करावे. तिसऱ्या वर्षापासून पाणी थांबवावे. ठिबक कायम सुरू ठेवल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि झुडपाचा मूळ गुण वाया जातो.

कोवळी फूट शेळ्यांना आवडते. प्रौढ झुडपाला तिचे काटे वाचवितात, लहान रोपाला मात्र नाही. बोर किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण किमान तीन वर्षे राखावे. गायरानात लागवड करताना मेंढपाळ व शेळीपालकांना विश्वासात घेऊन राखीव तुकडा आणि चराईची वाट ठरवावी. हा विचार न करता केलेली लागवड पहिल्याच उन्हाळ्यात संपते.

रासायनिक खताची गरज नाही. तणनाशक व कीटकनाशक यांची फवारणी झुडपाजवळ टाळावी. शेजारच्या पिकावर फवारणी अपरिहार्य असल्यास ती मधमाशा फिरत नसताना, म्हणजे सायंकाळी उशिरा, वारा शांत असताना करावी.

फळतोड : शेतकऱ्याचा वाटा आणि पाखरांचा वाटा

राजस्थानात कच्च्या केराचे लोणचे आणि सांगरीसोबत केलेली भाजी प्रसिद्ध आहे. कच्ची फळे कडवट असल्याने ती काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवून, पाणी बदलत कडूपणा काढतात. मग त्यांचे लोणचे घालतात किंवा ती वाळवून ठेवतात. महिला बचत गटांसाठी हा पूरक उद्योग होऊ शकतो.

येथेच खरा पेच आहे. माणसाला फळ कच्चे हवे असते, पाखराला पिकलेले. सारी हिरवी फळे तोडली, तर झुडूप जिवंत राहूनही वन्यजीवांच्या दृष्टीने रिकामे होते आणि पुढील पिढीचे बीही मिळत नाही. म्हणून तोडीचा नियम लागवडीपूर्वीच ठरवावा. हाताला सहज येणाऱ्या खालच्या फांद्यांवरील फळे माणसांसाठी आणि वरील व आतील जाळीतील फळे पाखरांसाठी, असा वाटा सोयीचा पडतो. बाजारभाव चांगला मिळू लागल्यावर हा नियम मोडण्याचा मोह होतो. तो ग्रामसभेत ठरलेला असल्यास पाळला जाण्याची शक्यता अधिक.

सोबतीची झुडपे

एकटी नेपती पुरेशी नाही. पाने अल्पकाळ असल्याने फुलपाखरांच्या अळ्यांना ती वर्षभर खाद्य देऊ शकत नाही. तिच्याच प्रजातीतील कंथार हे पानेदार झुडूप ही उणीव भरून काढते. गुरे न खाणारा, सदाहरित अडुळसा हिवाळ्याच्या अखेरीस मधमाशांना मकरंद देतो आणि आतील रोपांसाठी नैसर्गिक कुंपण होतो. चणी बोर पावसाळ्यानंतर फळे देते, तर करवंद उन्हाळ्यात. अडुळसा, कंथार, चणी बोर आणि नेपती ही चारही झुडपे दिल्लीच्या रिजवरही निसर्गतः आढळतात. प्रत्येक पुंजक्यात तीन-चार जातींचा मेळ घातल्यास फुले व फळांचा क्रम वर्षातील अधिक महिने चालू राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

• लागवडीपूर्वी गावातील जुन्या नेपतींची शोधमोहीम घ्यावी. त्यांची स्थानिक नावे, बहराचा काळ व उपयोग वृद्ध शेतकरी, मेंढपाळ आणि महिलांकडून जाणून घेऊन लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदवावेत.

• नवी शंभर रोपे लावण्याआधी जुनी दहा झुडपे तोडीपासून वाचविणे अधिक फलदायी आहे. बांध कोरताना व रस्ता रुंद करताना ती प्रथम नाहीशी होतात.

• लागवडीच्या जागी महिन्यातून दोनदा, सकाळी ठरावीक वेळी १५ मिनिटे थांबून फुले-फळांची अवस्था आणि येणारे पक्षी व कीटक यांची नोंद ठेवावी. शाळेतील विद्यार्थी हे काम आवडीने करतात.

• यशाचे मोजमाप लावलेल्या रोपांच्या संख्येवर न करता तिसऱ्या उन्हाळ्याअखेर जगलेल्या रोपांवर करावे.

मुनिरकालगतच्या खडकावर शंभर वर्षांपूर्वी लवकर हिरवे होणारे झाड निवडले गेले आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांना देशी झुडपांची पुन्हा लागवड करून मोजावी लागत आहे. महाराष्ट्रातील अनेक बांधांवर व ओढ्यांच्या काठी नेपती अजून उभी आहे. ती सावकाश वाढते, दिसावयास फारशी आकर्षक नाही आणि तिच्याखाली गर्द सावलीही पडत नाही. परंतु चैत्र-वैशाखात शिवार उघडे पडते, तेव्हा पाखरांना व मधमाशांना तिच्याकडे काही तरी मिळते. तेवढ्यासाठी बांधाचा एक कोपरा तिला देणे कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्यास परवडण्याजोगे आहे.